काठावरची काडी

आमचं मालेगाव नाशकाकडचं नव्हे. वाशीम जिल्ह्यातलं, अकोला–वाशीम रस्त्यावरचं. जुन्या कागदांत मालेगाव जहांगीर. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा झाला, तोवर आम्ही अकोल्याचे. गावाला धबधबा नाही. काटेपूर्णा आमच्याच जिल्ह्यात उगम पावते, पण उगमाकडे ती ओढ्याएवढीच. पाणी पडताना पाहायचं तर गाव सोडावं लागे. जवळ पातूरचा घाट. त्याहून लांब लोणार. हाताशी दोन दिवस असले तर पैनगंगेचं सहस्रकुंड. श्रावणात कुणी पुढाकार घेतला तर धारगड. आणि नशीब असलं तर रेल्वेने थेट पाताळपाणी.

पाणी अजून पडतं. त्याच्याभोवतीचं जे गेलं, ते लिहून ठेवते आहे. क्रम लावलेला नाही, आठवलं तसं.

धार

हा शब्द गेला. लोणारला आम्ही ‘धबधबा पाहायला’ कधी गेलो नाही, ‘धारेवर’ गेलो. उल्का पडून झालेलं ते सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर, तळाशी खारं, अल्कलीचं सरोवर, आणि वर काठावर गोमुखातून बारमाही पडणारं गोडं पाणी. खाली जिभेला न चालणारं आणि वर पोटभर पिता येणारं. आजी आधी धारेखाली आंघोळ करायची, ओल्या पदरानेच देवाला जायची, आणि मग आम्हाला खालचं सरोवर दाखवायची. २०२० मध्ये ते सरोवर गुलाबी झालं, त्याच वर्षी त्याला रामसर दर्जा मिळाला, सगळीकडे फोटो झळकले. त्या फोटोंत धार मला कुठे दिसली नाही.

घरात पाण्याला चार नावं होती. धार, कुंड, डोह, झिरा. नावातच वागणूक सांगितलेली असे. धारेखाली उभं राहायचं. कुंडात उतरायचं, पण मोठ्यांना विचारून. झिऱ्याचं पाणी प्यायचं, त्यात पाय घालायचा नाही. आणि डोहात उतरायचंच नाही, तो काठावरून पाहायचा. आता माझी नातवंडं चारींना वॉटरफॉल म्हणतात. शब्द इंग्रजी आहे याचं मला दुःख नाही. चारांचं एक झालं, याचं आहे.

दमणी

हलकी, माणसं नेणारी बैलगाडी. ओझ्याची ती बंडी, माणसांची ती दमणी. वर तट्ट्याची कमान, खाली कडबा, कडब्यावर गोधडी. ओढ्यापर्यंत दमणी जायची, पुढे पायी. बैल सोडून त्यांना आधी पाणी पाजायचं आणि मग माणसांनी पाण्यात जायचं, हा नियम. बैल ज्या ठिकाणी पाण्यात उतरायला मागेपुढे पाहायचे, तिथे आम्हालाही उतरू देत नसत.

फिरकीचा तांब्या

पितळेचा. तोंडाला आटे, त्यावर फिरवून बसवायचं झाकण, वर धरायला कडी. बाबा तो भरून घरून आणायचे आणि तिथे पोचल्यावर रिकामा करून झऱ्याचं पाणी भरून परत घरी न्यायचे. जो आला नाही त्याच्यासाठी. अंथरुणाला खिळलेल्या काकांना लोणारच्या धारेचं पाणी चमच्याने पाजलेलं मला आठवतं. त्यांनी डोळे मिटून विचारलं होतं, ‘धार तशीच हाय ना?’

आमचा तांब्या आहे अजून. आटे झिजले, झाकण बसत नाही.

रोडगे

यावर थोडं जास्त लिहिते, कारण त्या सहलीचा बहुतेक सगळा वेळ रोडग्यांचाच असायचा.

महादेवाचं ठिकाण आणि वाहतं पाणी एकत्र आलं की आमच्याकडे रोडगे ठरलेले. कणीक जाडसर दळलेली. तिच्यात मीठ, ओवा, तेलाचं मोहन. घट्ट मळायची. तळहाताएवढ्या पाऱ्या लाटायच्या, एकीला तेल लावून तिच्यावर दुसरी, अशा पाच किंवा सात. मग एका मोठ्या पारीत त्या सगळ्या ठेवायच्या आणि बोचकं बांधावं तसं वरून तोंड मिटवायचं. आई हे भराभर करायची. मिटवताना तिचा अंगठा शेवटी एकदा आत दाबला जायचा, प्रत्येक रोडग्यावर त्या अंगठ्याचा खळगा.

तोवर बाबांनी गोवऱ्या रचून पेटवलेल्या असायच्या. पावसाळ्यात खरी काळजी या गोवऱ्यांचीच. माणसं भिजली तरी चालायची. गोवऱ्यांचं पोतं घोंगडीत गुंडाळून दमणीच्या मध्यभागी, माणसांच्या पायाशी. ज्वाळ बसली, लाल इंगळ उरले की रोडगे त्यात ठेवायचे आणि वरून गरम राख ओढायची. मग थांबायचं. एका बाजूला गंजात वरण, दुसऱ्या गंजात वांग्याची भाजी. तास होई, दीड तास होई. मधूनमधून कुणीतरी काठीने एखादा रोडगा उलटा करी.

झाले की फडक्यात घोळून राख झटकायची. पहिला महादेवाला. मग आमच्या ताटात. बुक्की मारायची, तो फुटायचा, आतून पापुद्रे वाफाळत उघडायचे, त्यावर तुपाची धार. बाहेरची कडा थोडी करपलेली, राखेचा वास असलेली. ती मला सगळ्यांत आवडायची.

आता रोडगे मिळतात. मालेगावातून अकोल्याकडे निघालात तर ढाब्याच्या पाटीवरही दिसतात. लग्नातही असतात. चव बरी असते. पण रोडगा भाजायला लागणारा तो दीड तास जागेवर बसवून ठेवायचा, आणि बसलेली मोठी माणसं सगळा वेळ पाण्याकडे तोंड करून असायची. आता वेफर्सची पिशवी चालता चालता फुटते, आणि पाण्याकडे कुणाचंच तोंड नसतं.

लुगड्याचा आडोसा

दोन बायकांनी नऊवारी लुगड्याची दोन टोकं धरून उभं राहायचं, मधे तिसरीने ओले कपडे बदलायचे. धरणाऱ्या बायकांनी बाहेरच्या बाजूला पाहायचं. अनोळखी बाई असली तरी तिला विचारायच्या, ‘धरू का, माय?’ आज मुली ओल्या कपड्यांनी गाडीत बसतात आणि घरी येईपर्यंत कुडकुडतात. इतक्या ठिकाणी तिकीटखिडकी झाली, कपडे बदलायची खोली किती ठिकाणी झाली?

मीनाक्षी

मीटर गेजवरची मीनाक्षी एक्सप्रेस. हैदराबादच्या काचीगुडाहून निघून पूर्णा, हिंगोली, वाशीम, अकोला, खंडवा, इंदूर असं करत राजस्थानात जयपूरला जायची. आम्ही ती वाशीमला धरली, मी पाचवीत असताना. ओंकारेश्वराला नवस होता.

अकोटच्या पुढे गाडी मेळघाटात शिरली. धूळघाटला रूळ डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच वरून जातो. मामाने खिडकीतून दाखवलं, ‘आत्ता आपण तिथं खाली होतो.’ गाडीतली सगळी पोरं एका बाजूला. जंगलातल्या उतारांवरून बारीक बारीक पाणी पडत होतं, एवढ्या जवळून की हात बाहेर काढला तर थेंब लागावा. गाडी हळू होती, म्हणून ते पाणी पाहून होत होतं.

ओंकारेश्वर झालं. पुढे इंदूरला मावशीकडे जाताना कालाकुंड आलं. घाट चढायला तिथे गाडीला जास्तीचं इंजिन लागायचं, आणि तेवढ्या वेळात फलाटावर पानात बांधलेला कलाकंद विकायला यायचा. घाट चढून गाडी पाताळपाणीला थांबली. चोरल नदी तिथे दरीत उडी घेते. लोक उतरले, आम्हीही उतरलो. दहा मिनिटं असतील. आवाज आधी आला, पाणी नंतर दिसलं. आजीने हात जोडले. तिने ते पाणी पुन्हा कधी पाहिलं नाही, पण पुढची वीस वर्षं ती सांगत राहिली, ‘रेल आपल्यासाठी थांबली होती.’

अकोला–पूर्णा मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. अकोला–खंडवा मीटर गेज २०१७ च्या सुरुवातीला बंद पडली. वाघांच्या जंगलातून रुंद मार्ग नको म्हणून नवी रेघ मेळघाटाबाहेरून नेण्याचं ठरलं, आणि ते योग्यच आहे. रेल्वेच्या खिडकीपेक्षा वाघाचं जंगल मोठं. पाताळपाणी–कालाकुंड या टप्प्यावर २०१८ च्या डिसेंबरपासून मोठ्या काचांच्या डब्यांची हेरिटेज गाडी सुरू झाली. चांगलं झालं. पण वाशीमच्या बाईला ओंकारेश्वराला जाता जाता, त्याच साध्या तिकिटात, धबधबा मिळायचा, तो आता मिळत नाही.

क्लिक थ्री

मामाचा अग्फा क्लिक थ्री कॅमेरा. एका रोलवर बारा फोटो. त्यातले आठ लग्नाचे झालेले, चार उरलेले. म्हणून सहस्रकुंडाला गेल्यावर मामा तासभर फोटो काढायचाच नाही. आधी सगळीकडे फिरून यायचा. इस्लापूरच्या बाजूने पाहायचं, काळ्या खडकांच्या फटींतून पैनगंगा किती वाटांनी खाली येते ते बोटाने मोजायचं, समोरचा उमरखेडकडचा काठ पाहायचा, ऊन कुठून येतं ते पाहायचं. मग एक फोटो.

तो माझ्याकडे आहे. सगळे ताठ उभे. आजीचा हात माझ्या खांद्यावर, बोटं रुतलेली दिसतात. मागे पाणी म्हणजे नुसता पांढरा पट्टा. पाणी आणि आमच्यामध्ये पंधरा-वीस हात मोकळा खडक आहे. आजचे फोटो पाहते तेव्हा मी आधी ते अंतर शोधते.

साती आसरा

डोहाकाठी शेंदूर लावलेले सात दगड. जलदेवता. त्यांच्यापुढे हिरव्या बांगड्या, हळद-कुंकू, कधी नारळ. आजीचा हुकूम होता, ‘पोट्टेहो, आसराले इचारल्याबिगर पान्यात पाय घालू नोका.’

मी विज्ञान शिकले, पुढे शाळेत शिकवलंही. आसरा पोरांना ओढतात हे मी मानत नाही. पण तो दगड कुठे असायचा ते पाहा. जिथे पाणी वरून शांत आणि आत खोल असतं, जिथे भोवरा असतो, जिथे आधी कुणी गेलेलं असतं, नेमका तिथे. तेल्हारा तालुक्यात वान नदीवर वारी भैरवगडला मारुतीचं मोठं ठाणं आहे, तिथल्या डोहाचं नावच मामा-भाचा डोह. ते नाव म्हणजे गावाने सांभाळून ठेवलेली मृत्यूची नोंद आहे. ‘धोका’ अशी लाल पाटी पोरं ओलांडून जातात. मामा-भाचा म्हटल्यावर पोर विचारतं, कोणते मामा-भाचे, काय झालं त्यांचं? आणि कुणीतरी सांगणारं असावं लागतं. ते सांगणारं माणूस गेलं.

धारगड

सातपुड्यात, अकोटच्या वर, पोपटखेडकडून. महादेवाच्या डोक्यावरून पाणी पडतं, म्हणून धारगड. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची यात्रा. मेळघाट हा १९७३-७४ मधल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. पुढे आतल्या गावांचं पुनर्वसन झालं, यात्रेवर निर्बंध आले. रात्रभर भजन, पेटलेल्या चुली, साबणाचा फेस, पायाखाली तुडवलेलं जंगल, हे कमी झालं. या यादीतली ही एकच गोष्ट अशी आहे की तिच्या जाण्याबद्दल माझी तक्रार नाही.

घाटातल्या धारा

पातूरच्या घाटात पावसाळ्यात वळणावळणाला पाणी पडायचं. नाव नसलेलं. एसटीचा चालक गाडी हळू करायचा आणि खिडकीकडचा प्रवासी हात बाहेर काढून तोंडावरून फिरवायचा. रस्ता रुंद झाला, चौपदरी झाला. अपघात कमी व्हावेत म्हणून ते गरजेचंच होतं. पण कडे कापले तिथे ते पाणी आता सिमेंटच्या नालीतून, आवाज न करता जातं.

मुक्काम

समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर–शिर्डी खुला झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी–आमणे टप्पाही. सगळा मिळून ७०१ किलोमीटर. शेजारची पोरं शनिवारी पहाटे निघतात, दुपारी इगतपुरीच्या धबधब्याखाली असतात, रविवारी रात्री परत. सह्याद्रीतलं एवढं मोठं पाणी आमच्या पिढीने मालेगावात बसून स्वप्नातही पाहिलं नव्हतं. पोरांना ते मिळतं याचा मला खरंच आनंद आहे.

पण तिथल्या नदीला ती ओळखत नाहीत. वर तिचं खोरं कुठवर आहे, वर पाऊस आहे का, काल किती पडला, कुणालाच ठाऊक नसतं. मुक्काम असला की संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर गावातला कुणी येऊन बसायचा आणि न विचारता सांगायचा, परवा किती पाणी होतं, कुठपर्यंत आलं, कुठला दगड बुडाला. ती माहिती फक्त मुक्कामाच्या माणसाला मिळायची.

काडी

आजी कुठेही पाण्याकाठी बसली की पहिलं काम हे. वीतभर काडी घ्यायची आणि पाण्याच्या अगदी कडेला वाळूत रोवायची. वाळू नसली तर दोन दगडांच्या फटीत. मग तिथून वर, काडी दिसेल अशा जागी बसायचं. रोडगे भाजायचं काम आईचं, गोवऱ्यांचं बाबांचं. आजीचं काम काडीकडे पाहायचं.

पातूरच्या घाटातला ओढा. श्रावण. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं. आम्ही पाच-सहा पोरं धारेखाली, गुडघाभर पाण्यात. वर मेडशीच्या बाजूला आभाळ काळं होतं, पण ते दूर होतं. रोडगे नुकतेच राखेत गेलेले.

आधी पळसाची दोन-तीन पानं वाहत आली. आम्ही ती पकडायला धावलो. मग थोडा फेस. पाणी अजून स्वच्छच होतं. आजी उठून उभी राहिलेली मी पाहिली. तिने काडीकडे पाहिलं, काडीच्या पायाला पाणी लागलं होतं. एवढंच. बोटभरही चढलं नव्हतं.

‘पोट्टेहो, निंघा! पानी फिरलं!’

तिचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. आम्ही निघालो. चपला राहिल्या. बाबांनी धाकट्याला उचललं. आई भाजीच्या गंजाकडे वळली तर आजीने तिचा दंड धरून तिला वर ओढलं. आम्ही वरच्या वाटेवर पोचलो तोवर पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. मग ते विस्तवापर्यंत आलं. इंगळ विझताना झालेला चर्र असा आवाज आम्ही वर उभं राहून ऐकला. रोडगे, दोन्ही गंज, लुगडं, सगळं गेलं. आम्ही जिथे उभे होतो तिथे पावसाचा थेंब नव्हता.

आपला दगड काळा बसाल्ट. तो पाणी पीत नाही. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस सरळ खाली येतो, आणि अरुंद ओढ्यात तो येतो तेव्हा मिनिटांत येतो. आजीला बसाल्ट हा शब्द माहीत नव्हता.

जुलै २०११ मध्ये त्याच पाताळपाणीला एक कुटुंब प्रवाहाच्या मधल्या खडकावर अडकलं. पाणी चढत गेलं. काठावर माणसं होती, कॅमेरे होते. ते वाहून गेलेलं देशाने टीव्हीवर पाहिलं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले, त्यात चार मुलं होती. दोन्ही वेळा मी टीव्ही बंद केला नाही. पूर्ण पाहिलं. मधल्या खडकावर ती माणसं एकमेकांना धरून उभी होती, आमच्या फोटोत आम्ही उभे होतो तशीच.

या यादीतलं बाकी काही परत आणा असं मी म्हणत नाही. पितळेचे तांब्ये कुणी वापरणार नाही, दमणी येणार नाही, मीनाक्षीही येणार नाही. काडी मात्र आजही कुठल्याही काठावर पडलेली सापडते, फुकट. पुढच्या पावसाळ्यात पोरांना घेऊन जाल तेव्हा पोचल्याबरोबर ती रोवा. पानं, काटक्या किंवा फेस वाहून आला, पाण्याचा रंग बदलला, आवाज जड झाला, वरच्या बाजूला आभाळ भरलं, किंवा काडीच्या पायाला पाणी लागलं, तर सामान तिथेच सोडून वर या. मधल्या खडकावर नाही, काठावर, उंच. आणि घरातल्या एका मोठ्या माणसाला, फोन खिशात ठेवून, फक्त त्या काडीकडे पाहायला बसवा.